नाव ठेवणे

दूध बाजारामागच्या बोळात माझं दुकान.
लग्नसराई संपली की नाशिकातले सगळे बँड
इथे आजारी पडून येतात:
चेपलेला युफोनियम, अडकलेले व्हॉल्व,
सॅक्सोफोनच्या पोटात कुणाच्या तरी अक्षता.

तो आला गिटार घेऊन. पाठ उकललेली.
एबो. घानाचा, सेकोंडी बंदराकडचा,
त्र्यंबक रोडच्या कॉलेजात मेकॅनिकलला.
त्याचं मराठी चार महिन्यांचं,
माझं इंग्रजी सुट्या भागांच्या नावांपुरतं.
म्हटलं, सरस सुकायला दोन दिवस लागतील.
म्हणाला, बसतो.
आणि खरंच बसला, अंधार पडेपर्यंत.
दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आला.

दोनच बोटांनी वाजवतो.
अंगठा चालत असतो
बाजारातून घरी निघाल्यासारखा, पिशवी हलकी, घाई नाही.
तर्जनी त्याच्याभोवती करडासारखी उड्या मारते,
पुढे जाते, मागे राहते, हरवत मात्र नाही.
हे कुणी शिकवलं? तर म्हणे खलाशांनी.
जहाजावर कोळसा ओढणारे, दोरखंड ओढणारे,
कुठल्या तरी बंदरात हाती लागलेली गिटार,
आणि रात्री ताडाखाली बसून...
ताडी? मी विचारलं.
ताडीच, म्हणाला.
बरं वाटलं. आमच्याकडे आता द्राक्षांची वाइन,
चाखायलासुद्धा तिकीट.
ताडाला कोण तिकीट लावणार?

मग किल्ल्यांमधल्या पलटणी.
साहेबाचं पितळ, साहेबाचा कदम,
आणि परेड संपली की तेच पितळ घेऊन
आपल्या गल्लीत भलतंच काही.
मी फळीवरचा कॉर्नेट काढून दाखवला.
आजोबांनी देवळालीच्या लिलावात घेतलेला,
तोफखान्याचा नंबर अजून पुसट दिसतो.
त्याने नंबरावरून बोट फिरवलं.
बोलला काही नाही.

पुढे मोठे क्लब झाले. उंच टोप्या, हातमोजे,
दारावर तिकीट.
ज्यांना परवडेना ते भिंतीला टेकून ऐकत
आणि आतल्यांकडे बोट दाखवून म्हणत: हायलाइफ.
तेच नाव पडलं संगीताला.
म्हणजे बाहेरच्यांनी ठेवलं?
बाहेरच्यांनी.

माझ्या हातातली कानस थांबली.
तीस वर्षं गंगापूर रोडच्या लॉन्सवर वाजवतोय मी.
बँड गेटपर्यंत.
नवरदेव आत, फटाके आत, कुत्रीसुद्धा आत,
आम्ही जरीच्या कोटात रस्त्याकडेला,
पंगत उठल्यावर मांडवामागे गार भात.
वडील, ताराचंद लोंढे, भद्रकालीत ज्यांच्यासारखा
वरचा सा कुणी लावला नाही,
तेही गेटपर्यंतच.
नावं आम्हीही ठेवली आतल्यांना, चिक्कार ठेवली.
नाव ठेवायचं सुचलं नाही.

एबोने पाना उचलला,
फुटक्या झांजेवर मारला:
कण् — कण् — कण् ... कण् कण्.
तीन, आणि मग दोन.
मी सम शोधत राहिलो.
पहिली मात्रा कुठली रे?
जिथे पाय पडेल ती.
पुतण्याचा ढोल छातीवर थाप मारून विचारतो, कोण आहेस?
हे तसं नाही. हे बाजूने येतं,
खांद्याला खांदा लावून चालू लागतं,
चौथ्या पावलाला कळतं
आपण केव्हाच निघालोय.

मी कॉर्नेट तोंडाला लावला.
मधला व्हॉल्व चिकटला. नेमका.
तो हसला, मी थुंकी झटकली, पुन्हा.

मार्गशीर्षातली पहिली तारीख.
नवरदेव आत गेला. एरवी आम्ही थांबतो.
महादूने साइड ड्रमच्या कडेवर
तीन आणि दोन धरलं,
मी हळूच आत शिरलो. त्या तालात म्हणतोय, लॉनमध्ये नव्हे.
वॉचमनचा बूट हलायला लागला.
हे काय म्हणतात याला, त्याने विचारलं.
म्हटलं, तूच ठेव नाव.
कागदी प्लेटमधली अर्धी जिलबी
त्याने तोंडात टाकली
आणि विचारात पडला.